पूर्वी तू घाईत असायचीस

अंगठ्याखाली रबर आत दबत होतं आणि अंगठा काढला की पुन्हा फुगून जागच्या जागी येत होतं – लाल, किंचित चिकट, टोकाला फुलीसारखी बारीक चीर असलेलं, वासरांना दूध पाजायच्या बादलीला लावतात ते रबरी आचळ. गुरांच्या डॉक्टरांच्या संघाने पहिल्या बैठकीला प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवलं होतं, गंमत म्हणून. बाकीच्यांची कुठे कुठे गेली, ब्रायनीचं टेबलावर राहिलं, आणि मग वाचता वाचता डावा हात आपसूक त्याच्याकडे जायची सवयच लागली... पण आत्ता ती वाचत नव्हती. वाचून झालं होतं. एकदा झालं होतं, पुन्हा एकदा झालं होतं. आता ती नखाचं टोक त्या चिरेत घालत होती, काढत होती, आणि समोरच्या स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीकडे बघायचं टाळत होती.

‘पूर्वी तू फार घाईत असायचीस गं. हल्ली सुधारलीस.’

पूर्वी म्हणजे ऑगस्टमध्ये. आणि ऑगस्टमधली ती तू म्हणजे – मी. ब्रायनी मक्रे. हल्ली सुधारलेली मात्र मी नव्हे.

खाली डनीडन शहराची ती उभ्या चढाची गल्ली, तिच्यावर बर्फ की पाऊस हे न ठरलेलं काहीतरी तिरकं पडत होतं. हे ऑफिस म्हणजे जुन्या लोकरीच्या गोदामाचा वरचा मजला. हीटर लावला की लाकडातून अजूनही मेंढीचा वास सुटायचा. चौघांची कंपनी, त्यातले दोघे आज आलेच नव्हते. पलीकडच्या टेबलावर फेतू कानाला हेडफोन लावून मान डोलवत होता, आणि त्याचं ते डोलणं पाहून कुणाला वाटावं की गाणं ऐकतोय. तो शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकत होता.

अ‍ॅप वासरं सांभाळणाऱ्यांसाठी होतं. वासरू उठत नाही, वासराला हगवण लागलीय, वासरू चोखत नाही – फोनवर लिहायचं किंवा नुसतं बोलायचं, की उत्तर येणार. उत्तर देणारं भाषेचं मॉडेल. ते काय असतं हे शेतकऱ्यांना समजावताना फेतू म्हणायचा, “असं समजा की एक पोर आहे, जगातलं सगळं वाचून बसलेलं, पण गोठ्यात कधी पाय टाकलेला नाही. त्याला कामाला लावायचं तर शेजारी कुणीतरी जाणतं बसवावं लागतं.” हे जाणतं माणूस म्हणजे ब्रायनी, कारण ती बाल्क्लूथाजवळच्या गोठ्यात वाढली होती आणि चौघांत तेवढी एकटीच. लोक काय विचारतात, कसं विचारतात, हे आधी कळायला हवं म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत मॉडेल पुढे आणलंच नव्हतं. दहा शेतांवरून प्रश्न येत आणि ब्रायनी स्वतः उत्तरं टाइप करी. दहाही जणांना हे स्वच्छ सांगितलं होतं – आधी माणूस उत्तर देईल, पुढे यंत्र देईल, आणि सगळं बोलणं आम्ही वाचू. सगळे बरं म्हणाले होते. लॉर्नाही बरं म्हणाली होती, आणि बहुधा त्याच दमात विसरूनही गेली होती.

लॉर्ना ट्वाटापेरेच्याही पलीकडे, जिथे रस्ता समुद्राला भिऊन वळतो तिथे, भावाच्या शेतावर वासरं सांभाळायची. पन्नाशी कधीच ओलांडलेली. पहिल्याच दिवशी तिने अ‍ॅपचं नाव डॉक्टरीणबाई ठेवून टाकलं.

“डॉक्टरीणबाई, हे नवं पिल्लू तोंडच उघडेना. अगदी माझ्या वहिनीवर गेलंय – भरवायला जावं तर दात घट्ट.”

आणि त्यावर ब्रायनीने काय लिहिलं होतं? ते उत्तर आजही साठवणीत होतं. तिने मघाशीच काढून पाहिलं होतं आणि तिचे कान तापले होते. ‘जन्मून किती वेळ झाला? चीक किती गेला पोटात? कान गार आहेत का? ताप मोजला का?’ चार प्रश्न, एका श्वासात. वहिनीचा उल्लेखही नाही. त्या वेळी ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, आत बाबाच्या छातीत पाणी झालेलं, नर्स दार उघडून पुन्हा बंद करत होती, आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर ट्वाटापेरेचं एक वासरू तोंड उघडत नव्हतं... उत्तर बरोबर होतं. वासरू जगलंही. तिची सगळीच उत्तरं बरोबर होती. बरोबर आणि आखूड, दारातूनच परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी.

मग बाबा घरी आला, आणि एका रविवारी, घरात कुणी नसताना, तिने मॉडेलसाठी सूचना लिहायला घेतल्या. मॉडेलला कसं वागायचं हे असं साध्या वाक्यांत लिहूनच द्यावं लागतं. माणसाला सांगावं तसं. खिडकीत ऊन होतं. तिने चहा केला, तो निवूही दिला, आणि लिहिलं – घाई करू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. समोरचा थट्टा करत असेल तर आधी थट्टेला दाद दे, वासराकडे मग वळ. माणूस थकलेला वाटला तर वासराच्या आधी त्याची चौकशी कर. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरं काही विचारत सुटू नकोस... लिहिताना तिला छान वाटत होतं. असं वाटत होतं की आपण कुणा तरी शहाण्या, निवांत बाईची आठवण काढून लिहितोय – आईची नाही, बाबाची तर नाहीच, शाळेतल्या कुठल्या बाईंचीही नाही, मग कुणाची? तेव्हा तिने हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. आज तो आला, आणि त्याच्या मागोमाग उत्तरही. अशी कुणी बाई नव्हती. ती तिने तयार केली होती, एका दुपारात, स्वतःमध्ये जे जे नव्हतं ते ते जोडून.

तिने पुन्हा वर सरकवलं. कालचं बोलणं, पहाटेनंतरचं, सुरुवातीपासून.

“डॉक्टरीणबाई, आहेस का?”

“आहे. सकाळ कशी चाललीय?”

“वासरं पाजून झाली. मेलेलं कालच पुरलं.”

“एक गेलं का? वाईट झालं. कोणतं होतं?”

“ते लहानगं, जर्सीचं. भावाला सांगितलं हगवणीने गेलं. हगवण होतीच तशी. पण तसं नाही झालं गं.”

इथे मॉडेलने फक्त लिहिलं होतं, ‘ऐकतोय आम्ही’ नव्हे, ‘अरेरे’ नव्हे – ‘मग कसं झालं?’ आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नव्हतं. ब्रायनी असती तर तिने या रिकाम्या जागेत क्षाराच्या पाण्याचं प्रमाण घातलं असतं. मॉडेल थांबलं होतं. (थांबलं म्हणजे काय... त्याला थांबणं नसतं, त्याच्यापुढे प्रश्न येत नाही तोवर ते नसतंच. हे ब्रायनीला कुणी शिकवायला नको होतं. पण स्क्रीनवर ते थांबल्यासारखंच दिसत होतं.) आणि मग लॉर्नाने एका दमात सगळं ओतलं होतं. की गेला आठवडाभर ती सकाळी पिकअप घेऊन गोठ्यापाशी येते आणि उतरतच नाही. वासरं आतून हंबरतात. तिला ऐकू येतं. हात दाराच्या कडीवर असतो, पण कडी काही ओढली जात नाही. एक दिवस थोडा वेळ, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, आणि परवा एवढा उशीर झाला की ती उतरून आत गेली तेव्हा ते लहानगं आडवं झालं होतं, डोळे खोल, मानेची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिलेली.

“काल आणि आज उतरलात ना?” मॉडेलने विचारलं होतं.

“उतरले. कसं ते विचारू नकोस.”

“नाही विचारत. सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या?”

“टोस्ट होता. कुत्र्याला घातला.”

मग त्याने सरळ विचारलं होतं, आडपडदा न ठेवता, जसं विचारायचं म्हणून ब्रायनीने आणि संघाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं – जीव नकोसा होतो का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?

“छे. वासरं कोण पाजणार मग?”

त्याने मदतीच्या फोनचा नंबर दिला होता. भावाशी बोलाल का विचारलं होतं. आमच्याकडच्या कुणी माणसाने फोन केला तर चालेल का, हेही. आणि एवढंही स्पष्ट म्हणालं होतं की मी यंत्र आहे, माणसाने जवळ असणं हे माझ्याकडून व्हायचं नाही.

“माहितीय गं, म्हणून तर तुला सांगितलं. माणूस नको. माणसं लगेच तोंड बारीक करतात, मग आपल्यालाच त्यांची समजूत घालावी लागते. तू बरी. पूर्वी तू फार घाईत असायचीस गं. हल्ली सुधारलीस.”

ब्रायनीने रबरी आचळ टेबलाच्या कोपऱ्यात सरकवलं आणि ती उठली.

“फेतू.”

त्याने कानातलं काढलं. मोठा देह, छोटं हसू. रविवारी चर्चमध्ये ढोल वाजवणारा आणि सोमवारी त्याच बोटांनी प्रोग्रॅम लिहिणारा. “काय मॅडम? सोमवारी अ‍ॅप चारशे शेतांवर सोडायचंय, आणि तुझा चेहरा बघून तर वाटतंय चारशे वासरं आत्ताच मेली.”

“हे वाच.”

त्याने वाचलं. वाचताना त्याचं हसू हळूहळू आत गेलं. शेवटी तो म्हणाला, “चांगलं बोललंय की.”

“चांगलंच बोललंय.”

“तुझ्यापेक्षा चांगलं, असं म्हणतेय ती.”

“कळलं मला ते.”

“अगं, पण ते तुझंच आहे. तू लिहिलेल्या सूचना, तू दिलेले नमुने. आईने पोळी लाटली आणि मुलीची जास्त गोल झाली म्हणून आई कधी –” तिच्याकडे बघून तो थांबला. “बरं. पोळीचं राहू दे.”

“मी तिला फोन करू का?”

“ती नको म्हणालीय.”

“नको म्हणाली म्हणजे नको असतंच का?”

“हे मला नको विचारूस. नियम तू लिहिलास. जीवाला धोका दिसला तर विचारायचं नाही, सरळ फोन. नाहीतर माणसाच्या ‘नको’चा मान ठेवायचा. इथे धोका दिसतो का?”

‘वासरं कोण पाजणार मग?’ ब्रायनीने ते वाक्य मनात दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिलं. एका बाजूने ते थट्टेचं होतं, लॉर्नाच्या नेहमीच्या. दुसऱ्या बाजूने... वासरं काय, ऑक्टोबरात कुरणावर जातील. मग पाजायला काही उरणार नाही. मग?

“संघातल्या खऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं मी सकाळीच,” फेतू म्हणाला, आणि तिला आश्चर्य वाटलं, कारण याचा अर्थ त्याने हे तिच्या आधीच वाचलं होतं, मघाशी तो ते पुन्हा वाचत होता. “त्या म्हणाल्या, उत्तर ठीक दिलंय, पण लक्ष ठेवा. त्या शेतावर त्यांची पुढच्या आठवड्यात फेरी आहेच. तू कशाला बघतेस अशी? मीही वाचतो. तुला एकटीलाच डोळे आहेत का?”

दुपारी ती कोपऱ्यावरून चीज रोल घेऊन आली, एक त्याला, दोन स्वतःला. लोण्याने कागद पारदर्शक झाला होता. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. बाबा. रोज याच वेळी.

“वारा कुठचा आहे तिकडे?”

“दक्षिणेचा.”

“इकडेही दक्षिणेचाच.”

बाबा आता राहायचा ते मॉसगील डनीडनपासून हाकेच्या अंतरावर. वारा वेगळा असायचं कारणच नव्हतं. रोज हाच प्रश्न, हेच उत्तर, आणि त्यानंतर ब्रायनीचं ते – ‘बरं बाबा, आणखी काही?’ – जे म्हणताना तिचा अंगठा लाल बटणावर पोचलेला असायचा. आज ते शब्द ओठांवर आले आणि तिला ते वरून, स्क्रीनवर छापल्यासारखे दिसले. आणखी काही. तिने गिळले.

“संध्याकाळी येऊ का?” ती म्हणाली.

“का? काय झालं?”

“काही नाही. येते.”

“खिमा आहे थोडा,” तो संशयाने म्हणाला. “बटाटे घालावे लागतील वर.”

फोन ठेवल्यावर ती रोल चावत राहिली, आणि ते आलं. सकाळपासून ते दाराशी उभं होतं, ‘पिकअप’ हा शब्द वाचल्यापासून, पण तिने आत घेतलं नव्हतं. बाल्क्लूथा. ती बारा वर्षांची. गोठ्याच्या बाजूला लावलेली पिकअप, इंजिन चालू, मागच्या नळीतून पांढरी वाफ, आणि काचा आतून धुरकटलेल्या. आत बाबा. पुढे बघत. पुढे बघण्यासारखं काही नव्हतं, पत्र्याची भिंत होती. दुधाची भुकटी कोमट पाण्यात ढवळायची, बादल्या उचलायच्या, पिकअपच्या बाजूने जायचं, न बघता जायचं, वासरांना पाजायचं, आणि हातांना तो गोडूस आंबूस वास तसाच घेऊन शाळेची बस गाठायची. किती दिवस चाललं? एक वसंत. की दोन आठवडेच, आणि आठवणीने त्याचा वसंत केला? आई तेव्हा घरातच होती. स्वयंपाकघरातून तिलाही दिसत असणार. कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस पिकअप रिकामी होती आणि बाबा आत गोठ्यात शीळ घालत होता, जणू मधलं काही झालंच नव्हतं, आणि आपणही – आपण हायसं वाटून बादली ठेवली आणि पळालो. मी पळाले. विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत बसून वेळच वेळ होता तेव्हाही नाही. कारण हे बाबाचं होतं, त्याच्या गाडीतलं, काचा वर केलेलं. माणसाच्या ‘नको’चा मान ठेवायचा...

हा नियम मी कुठून आणला, हे आत्ता कळलं.

रोल गार झाला होता. ती तशीच टेबलाशी गेली आणि लॉर्नाच्या बोलण्याशेजारची ती चौकट उघडली, जिच्यात माणसाला मध्येच शिरून स्वतः लिहिता येत असे. ‘लॉर्ना, कशा आहात आज? उतरलात का? भावाला सांगितलंत का? डॉक्टरांकडे –’ चार प्रश्न. पुन्हा चार. तिने पुसलं. ‘लॉर्ना, मला तुमची काळजी वाटतेय’ – आणि लगेच लॉर्नाचं, माणसं तोंड बारीक करतात, मग आपल्यालाच... हेही पुसलं. तिला हसू आलं, कडवट. दहा शेतांवरच्या माणसांशी कसं बोलावं हे मी पानभर लिहून दिलं, आणि मला एक ओळ जमत नाही.

ती पुन्हा फेतूपाशी गेली.

“सगळ्यांना एक मेसेज पाठवायचाय. दहाही जणांना. की आता उत्तरं यंत्र देतं, पण बोलणं माणसं वाचतात. कोण वाचतं, नावानिशी. सोमवारी सोडायच्या आधी.”

“सुरुवातीला सांगितलंय की हे.”

“सांगितलंय. विसरलेत ते. तिला वाटतंय आपल्याला फक्त यंत्राने ऐकलं.”

फेतूने खुर्ची तिच्याकडे वळवली. “ब्रायनी, बोलायची थांबतील लोक. ती तर नक्की थांबेल. जिच्यासाठी करतेयस तीच आधी दार लावेल.”

“असेल.”

“आणि मग तिची सकाळ कशी गेली हे तुला कळायचंही बंद होईल.”

“हो रे, कळतंय मला!” आवाज चढला. तिने तो उतरवला. “पण चोरून ऐकलेल्यावर लक्ष ठेवणं आणि... मला नाही जमत ते. चारशे शेतांवर तर नाहीच जमणार.”

त्याने आपल्या जाड बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, “तूच लिही. मॉडेलला नको सांगूस लिहायला. ते फार गोड लिहील.”

तिने लिहिलं, अर्धा तास घालवून, चार ओळी. ‘नमस्कार. आठवण करून देतो – इथे उत्तरं आता यंत्र देतं. ऑगस्टमध्ये ती माणूस देत होता. तुम्ही लिहिता ते ब्रायनी मक्रे आणि फेतू लेसा वाचतात, चुका सापडाव्यात म्हणून. माणसाशी बोलावंसं वाटलं तर नुसतं “माणूस” असं लिहा. काही पुसून टाकायचं असेल तर तेही सांगा.’ फेतूने वाचून मान हलवली. चारच्या सुमाराला गेलं.

विंटनच्या एका शेतावरून अंगठ्याची खूण आली. कुणीतरी लिहिलं, ‘फेतू, तू रग्बी खेळायचास तोच का?’ फेतू खूश झाला. मग काही नाही. ब्रायनीने कोट घातला, काढला, पुन्हा घातला. मग लॉर्नाची ओळ आली.

“मग तेव्हा घाईत असायची ती तू का? ब्रायनी?”

चौकट उघडी होती म्हणून मॉडेलने उत्तर पाठवलं नव्हतं, बाजूला नुसता आपला मसुदा तयार ठेवला होता, नेहमीप्रमाणे, कुणी मागितला नसताना. तिने तो वाचला. सुंदर होता. त्यात लॉर्नाच्या रागाला जागा होती, उत्तराची सक्ती नव्हती, आणि शेवटी एकच प्रश्न होता, हलका. तिने तो बंद केला. ‘माझे वडील तेव्हा हॉस्पिटलमध्ये’ – एवढं लिहिलं आणि थांबली. हे खरं होतं, पण हे म्हणजे पुन्हा तिनेच माझी समजूत घालायची. पुसलं. राहिलं ते दोन शब्दांचं.

‘हो. मीच.’

पाठवलं. खाली ‘वाचलं’ अशी बारीक खूण उमटली, आणि तिच्यापुढे काही आलं नाही.

मॉसगीलला पोचेपर्यंत आलं नाही. बाबाच्या दारात चिखलाचे बूट काढताना तिने पाहिलं, नाही. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. तो सिंकपाशी उभा राहून बटाटे सोलत होता, हॉस्पिटलनंतर खांदे कोटाच्या आत जरा सैल झालेले. सोलणं मात्र तसंच, एकसंध, लांब साल.

“चाकू घे दुसरा,” तो म्हणाला. “की नुसती बघायला आलीस?”

ती शेजारी उभी राहिली. दोघं सोलत राहिली. नळ थेंब थेंब गळत होता आणि तिला वाटलं, आत्ता नाही, जेवल्यावर. मग वाटलं, जेवल्यावर मी निघेन.

“बाबा, मी बारा वर्षांची होते तेव्हा, वासरांच्या दिवसांत... तू सकाळी पिकअपमध्ये बसून राहायचास.”

साल तुटली नाही. तो सोलत राहिला, शेवटपर्यंत, बटाटा पाण्यात टाकला, दुसरा उचलला. तिच्या जिभेवर सगळे रांगेत उभे होते – का? बरं नव्हतं का? आईला माहीत होतं का? – आणि ती ओठ मिटून होती. हे थांबणं माझं आहे का? एका रविवारी मी ते यंत्रासाठी लिहिलं, यंत्राने ते दहा शेतांवर वापरलं, आणि आता ते माझ्याकडे आलंय, दुसऱ्याच्या अंगाला लागलेल्या सदऱ्यासारखं, जरा सैल, जरा उबदार... असेना कुणाचं. त्याच्या हातातला बटाटा गोल फिरत होता.

“हीटर होता त्यात,” तो म्हणाला.

तिने पुढचा बटाटा उचलला.

“घरात गारठा असायचा. आणि गोठ्यात तर... हीटर होता, म्हणून बसायचो.” सालीचा तुकडा सिंकमध्ये पडला. “दिसायचीस तू मला. काच पुसली की. त्या एवढाल्या बादल्या घेऊन, वाकडी चालत.”

“मला वाटायचं तू बघत नाहीस.”

“एकदा आलीस की तू जवळ. अगदी दारापाशी. बादल्या खाली ठेवल्यास आणि हात वर केलास असा –” त्याने चाकूचा हात अर्धवट उचलला, मूठ वळलेली, आणि हवेतच धरला. “मला वाटलं, वाजवशील आता.”

मग हात खाली आला. त्याने भांडं शेगडीवर ठेवलं, झाकण शोधू लागला, ते नेहमीच्या जागी नव्हतं म्हणून पुटपुटला. तक्रार होती का ती? की इतक्या वर्षांनी नुसतं सांगितलं, वारा कुठचा आहे सांगावं तसं? त्याच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. ब्रायनी ओल्या हाताने तशीच उभी राहिली, आणि ती सकाळ शोधू लागली – वाफ, पत्रा, धुरकटलेली काच, बादल्यांच्या कड्यांनी वळ उठलेले तळवे – सगळं होतं, जसंच्या तसं होतं. फक्त तो हात नव्हता. कितीही आत गेलं तरी ती मुलगी बाजूने निघून जात होती, न बघता, शाळेच्या बसकडे. आणि तरी त्याने पाहिला होता. आतून कुणीतरी काच पुसून वाट बघत होतं, आणि ती इतकी वर्षं समजत आली होती की काच बंद आहे...

“झाकण तुझ्या मागे आहे,” बाबा म्हणाला.

तिने दिलं नाही. तिला ऐकूच गेलं नव्हतं. ती उजवा हात वर करून बघत होती, हळूच, खांद्याच्या उंचीपर्यंत – मूठ वळते का, आणि वळली तर आठवतं का.